आपटे कोणते? वाचनालयाच्या कॅटलॉगमध्ये लेखकांची नावं कशी सांभाळावीत

सांगलीतल्या ज्या वाचनालयात माझी पहिली नोकरी होती, तिथे पहिल्याच महिन्यात मी एक लेखक नाहीसा केला. काम साधं होतं. जुन्या दाखल नोंदवहीवरून पुस्तकं कोहा या सॉफ्टवेअरमध्ये चढली होती आणि लेखकांच्या यादीतली दुबार नावं मला निपटायची होती. यादीत 'आपटे, ना. ह.' होतं आणि जरा खाली 'आपटे, ह. ना.' होतं. टाइप करणाऱ्या मुलांकडून आद्याक्षरं उलटीपालटी होणं रोजचंच होतं. हेही त्यातलंच समजून मी दोन्ही नावांवर खूण केली, मर्ज दाबलं आणि चहाला गेले.

पंधरा-वीस दिवसांनी एक निवृत्त गुरुजी काउंटरवर आले. "बाई, ना. हं.ची पुस्तकं कुठं गेली? मशीनमध्ये सगळी ह. नां.च्या नावावर दिसतायत." मी म्हटलं, एकच ना ते? गुरुजींनी चष्मा काढून माझ्याकडे नुसतं बघितलं.

हरी नारायण आपटे (१८६४–१९१९) म्हणजे 'पण लक्षांत कोण घेतो' लिहिणारे. नारायण हरी आपटे (१८८९–१९७१) म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यातल्या कोरेगावचे. त्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून १९३७ साली 'कुंकू' हा चित्रपट निघाला. नावं आरशात बघितल्यासारखी, पण माणसं दोन. आणि मी एकाची सगळी पुस्तकं दुसऱ्याच्या नावावर चढवून बसले होते. मर्ज एका क्लिकचं काम होतं. ते उसवायला मला कपाटातून एकेक पुस्तक काढून, आतलं पान वाचून, नोंद हाताने परत लावावी लागली. सहा दिवस गेले.

तुम्ही नुकताच ग्रंथालयाचा सर्टिफिकेट कोर्स करून एखाद्या गावच्या वाचनालयात लागला असाल, तर लवकरच हे काम तुमच्याकडे येईल. माझे सहा दिवस तुमचे वाचावेत म्हणून हे लिहिते आहे.

ऑथॉरिटी रेकॉर्ड म्हणजे काय

ती पुस्तकाची नोंद नाही, माणसाची नोंद आहे. सातबाऱ्यासारखं समजा. वर एक नाव ठरलेलं असतं. त्या माणसाला आणखी कोणकोणत्या नावांनी ओळखतात ते खाली येतं आणि हे कशावरून ठरवलं त्याचा पुरावा फेरफारासारखा जोडलेला असतो. पुस्तकांच्या नोंदी या एका नोंदीला बांधलेल्या राहतात. लेखक म्हणून नाव आलं (१००), अनुवादक किंवा संपादक म्हणून आलं (७००), किंवा चरित्राचा विषय म्हणून आलं (६००), तरी दोर एकाच खुंटीला. कंसातले आकडे म्हणजे मार्क या नोंदींच्या ठरलेल्या आराखड्यातल्या रकान्यांचे, आमच्या भाषेत क्षेत्रांचे, क्रमांक.

यातून दोन गोष्टी साधायच्या असतात. एका माणसाची सगळी पुस्तकं एका जागी दिसावीत आणि दोन माणसांची पुस्तकं एकमेकांत मिसळू नयेत. नवीन माणसाचा सगळा जीव पहिल्या कामात असतो, कारण दुबार नावं डोळ्यांना खुपतात. माझं मत उलटं आहे. एक लेखक दोन ठिकाणी राहिला तर वाचकाला अर्धी पुस्तकं तरी सापडतात आणि चूक दिसते. दोन लेखक एक झाले तर चूक दिसतच नाही, कारण यादी छान स्वच्छ दिसते. म्हणून शंका असेल तेव्हा दोन ठेवा. खाली जे सांगते आहे ते सगळं याच्या भोवती फिरतं.

पहिली पायरी: पुस्तक उघडा

संगणकाला हात लावायच्या आधी पुस्तक हातात घ्या. रंगीत मुखपृष्ठावरचं नाव नको, आतल्या शीर्षकपानावरचं घ्या. मुखपृष्ठावर चित्रकार जागेप्रमाणे नाव तोडतो, आद्याक्षरं गाळतो. शीर्षकपानाच्या मागच्या बाजूला हक्क कोणाकडे ते छापलेलं असतं आणि तिथे बऱ्याचदा पूर्ण नाव मिळतं. मलपृष्ठावरचा परिचय, प्रस्तावनेखालची सही आणि गाव, 'याच लेखकाची इतर पुस्तके' ही यादी, एवढं बघायला दोन मिनिटं लागतात. जे मिळालं ते जसंच्या तसं कागदावर उतरवा. सुधारू नका. 'विष्णु' छापलं असेल तर 'विष्णु'च लिहा, दीर्घ करण्याची घाई नको.

दुसरी पायरी: आहे का ते शोधा

नवीन नोंद करण्याआधी जुनी शोधायची, हे सगळे सांगतात. कशी शोधायची ते कोणी सांगत नाही, आणि मराठीत खरी मेख तिथेच आहे.

फक्त आडनावाने शोधा, तेही अर्ध्या आडनावाने. 'माडग' एवढंच टाका. माडगूळकर आणि माडगुळकर दोन्ही समोर येतील आणि गजानन दिगंबर व व्यंकटेश दिगंबर हे दोघे भाऊ आहेत, एकाच माणसाची दोन नावं नाहीत, हेही तिथेच दिसेल. पूर्ण नाव टाकून शोधलं आणि 'काही सापडलं नाही' आलं, यावर कधीच विश्वास ठेवू नका. आद्याक्षरांमधल्या जागेनेही शोध चुकतो. 'वि.स.' आणि 'वि. स.' आपल्याला एक दिसतात, मशीनला नाही. आमच्याकडे नियम आहे: प्रत्येक टिंबानंतर एक जागा.

आता त्याहून चिवट प्रकार. मी मूळची कऱ्हाडची, त्यामुळे हा मला पाठ आहे. 'कऱ्हाडकर' हे आडनाव युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी टाइप होतं. एकात साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह असतं. दुसऱ्यात ऱ हे वेगळंच अक्षर असतं आणि मग हलन्त. पडद्यावर दोन्ही अगदी सारखी दिसतात, छापली तरी सारखीच. पण आतून ती वेगळी अक्षरं आहेत, म्हणून एका तऱ्हेने शोधलं की बहुतेक वेळा दुसऱ्या तऱ्हेची नोंद हाती लागत नाही. 'ॲ'चंही तसंच. एका कीबोर्डवर ते एक सलग अक्षर असतं, दुसऱ्यावर अ, जोडचिन्ह आणि वरचा चंद्र असं तुकड्यांत. यादीत एकच नाव दोनदा दिसतंय आणि दोन्हींत फरक काही केल्या सापडत नाही, असं झालं की समजा हेच आहे.

यावर उपाय दोन. पूर्ण वाचनालयाने एकच कीबोर्ड वापरायचा. आम्ही सगळ्या मशीनवर इनस्क्रिप्ट ठेवला. आणि नाव एकदा नोंदीत गेलं की ते परत टाइप करायचं नाही, नोंदीतून उचलायचं. जुन्या फॉन्टमधून बदलून आलेला डेटा असेल तर त्यात रफार आणि जोडाक्षरं तुटलेली असतात. तो आधी नीट करून घ्या, मगच नावांना हात लावा, नाहीतर तुटक्या नावांच्या नव्या नोंदी तयार होतात आणि काम दुप्पट होतं.

तिसरी पायरी: माणूस तोच का

सारखं नाव सापडलं की थांबा. नाव जुळलं म्हणून माणूस जुळला असं नाही. पाहायचं असतं ते काळ, गाव, विषय आणि प्रकाशक. सनावळीत एक फसगत आहे. तुमच्या हातातली प्रत १९९८ ची असेल, पण ते पुनर्मुद्रण असतं. ह. ना. आपट्यांच्या कादंबऱ्या आजही छापल्या जातात. तेव्हा पहिल्या आवृत्तीचं साल शोधा. मी ते त्या दिवशी शोधलं असतं, तर एका नावाखालची पुस्तकं एकोणिसाव्या शतकात सुरू होतात आणि दुसऱ्याची त्यानंतर एका पिढीने, हे लगेच ध्यानात आलं असतं.

आपल्या भागात याचा सगळ्यात चांगला धडा शाहू महाराज देतात. 'शाहू' म्हटलं की कोल्हापूरकर राजर्षी शाहूंकडे बोट दाखवेल (१८७४–१९२२), सातारकर थोरल्या शाहूंकडे (१६८२–१७४९). साताऱ्याच्या गादीवर १८०८ पर्यंत आणखी एक शाहू होते. तीन खुंट्या वेगळ्या ठोकल्या नाहीत, तर आरक्षणाच्या इतिहासावरचं पुस्तक आणि पेशवाईच्या सुरुवातीवरचं पुस्तक शेजारी येऊन बसतात. इथे नावाच्या मागे गादी आणि सनावळी लावा: 'शाहू, छत्रपती, सातारा, १६८२–१७४९'.

सगळं बघूनही ठरत नसेल तर नवीन नोंद करा आणि ६६७ या क्षेत्रात लिहा, 'अमुक नोंदीतील व्यक्ती तीच असण्याची शक्यता, पुरावा नाही.' हे क्षेत्र वाचकाला दिसत नाही, आपल्याच माणसांसाठी असतं. शंका लिहून ठेवायची ही अधिकृत जागा आहे, तिची लाज वाटायचं कारण नाही.

चौथी पायरी: वर कोणतं नाव ठेवायचं

नियमांची पुस्तकं जाड आहेत. १९७८ चं एएसीआर-टू अनेक जुन्या ग्रंथपालांना तोंडपाठ आहे, आणि २०१० मध्ये आलेलं आरडीए आता त्याच्या जागी आहे. नावांच्या बाबतीत दोन्हींचा गाभा एकच आहे: माणूस ज्या नावाने ओळखला जातो ते वर, बाकीची खाली. जन्मनाव, कागदोपत्री नाव, लांबलचक नाव यांना आपोआप मान मिळत नाही.

मराठी नाव आडनावापासून लिहायचं. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या मध्याआधीच्या माणसांना हे लागू नाही, ती स्वतःच्या नावाने येतात. समर्थ रामदास 'रामदास' म्हणूनच येतील. त्यांचं 'ठोसर' हे घराणं खाली, पर्यायी नावांत जाईल. मार्कमध्ये यासाठी १०० चा पहिला इंडिकेटर असतो. नाव आडनावापासून असेल तर १, नुसत्या नावापासून असेल तर ०. हा आकडा नवीन लोक हमखास विसरतात.

रामदासांची सनावळी लावताना एक गंमत होते. त्यांचं निर्वाण शके १६०३ मधल्या माघ वद्य नवमीचं. शकात ७८ मिळवायचे हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून काही पुस्तकांत १६८१ सापडतं. पण माघ येतो जानेवारी-फेब्रुवारीत, तोवर इसवी सन बदललेलं असतं, म्हणजे ७९ मिळवायला हवेत. उत्तर १६८२. पडताळा हवा असेल तर शिवजन्म घ्या. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, १५५१ अधिक ७९. जुन्या मराठी लेखकांच्या तारखा शकात मिळाल्या की महिना बघितल्याशिवाय बेरीज करू नका. वर एकच सन ठेवा आणि दुसरा कुठे छापला आहे ते ६७० मध्ये, म्हणजे पुराव्याच्या क्षेत्रात, लिहा. आकडे देवनागरी की इंग्रजी हेही एकदाच ठरवा. दोन्ही वापरले तर यादीत एकाच सनाचे दोन गठ्ठे पडतात.

आता मानाच्या पदव्या. डॉ., प्रा., श्री., सौ., ह. भ. प. ही सगळी गाळायची. 'कै.' तर नक्कीच. एका जुन्या तालिका कपाटात मी 'क'च्या खणात सोळा कैलासवासी एका रांगेत पाहिले आहेत, आडनावं सगळी वेगळी. पण नावात मुरलेले भाग सोडवायचे नाहीत. यशवंतराव हे यशवंतरावच. वाईच्या लक्ष्मणशास्त्री जोशींचं (१९०१–१९९४) 'शास्त्री' नावाला चिकटून राहील. 'तर्कतीर्थ' ही मात्र पदवी. ती 'सी' उपक्षेत्रात (क्षेत्राच्या आतला अक्षराने ओळखायचा छोटा रकाना) टाकता येते किंवा पर्यायी नावात. आमच्याकडे पर्यायी नावात आहे, कारण वाचक 'तर्कतीर्थ' असं टाइप करून शोधतात.

पाचवी पायरी: नोंद भरा

कोहात 'ऑथॉरिटीज'मध्ये जाऊन नवीन 'पर्सनल नेम' उघडा. ई-ग्रंथालय किंवा सोल वापरत असाल तर पडदे वेगळे दिसतील, विचार तोच. वाटेगावच्या अण्णा भाऊंची नोंद घेऊ, कारण त्यांच्या नावाच्या तऱ्हा बऱ्याच आहेत.

१००, इंडिकेटर १: ए – साठे, अण्णा भाऊ, डी – १९२०–१९६९
३७०: ए – वाटेगाव (वाळवा, सांगली)
४००, इंडिकेटर १: साठे, अण्णाभाऊ
४००, इंडिकेटर १: साठे, तुकाराम भाऊराव
४००, इंडिकेटर ०: अण्णा भाऊ साठे
६७०: फकिरा: शीर्षकपान (नाव जसं छापलं आहे तसं)
६७०: दुसरं पुस्तक किंवा कोश, पान क्रमांकासह (जन्मनाव तुकाराम, जन्म १ ऑगस्ट १९२०, वाटेगाव, मृत्यू १८ जुलै १९६९)

'अण्णा भाऊ' सुटं की 'अण्णाभाऊ' जोडून, यावर आमच्या वाचनालयात चहाच्या दोन फेऱ्या वाद झाला. शेवटी कपाटातल्या प्रतींची शीर्षकपानं मोजली, सुटं जास्त निघालं, तेच वर ठेवलं. तुमच्याकडे जोडून जास्त निघालं तर ते वर ठेवा. दुसरं ४०० मध्ये असलं की वाचकाला काही फरक पडत नाही, तो कोणत्याही वाटेने आला तरी पोचतो. ४०० म्हणजे 'इकडे नव्हे, तिकडे पहा' ही पाटी.

लोक ६७० भरायचा कंटाळा करतात. मीही करायचे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं, आमच्या तळमजल्यावरची कपाटं भिजली आणि पुस्तकांचा अक्षरशः लगदा झाला. नंतर नोंदी तपासताना, कोणत्या 'जोशीं'चं कोणतं पुस्तक होतं हे सांगायला पुस्तकच उरलं नव्हतं. ज्या नोंदींत शीर्षकपानावरचं नाव उतरवलेलं होतं, त्यांचा निर्णय टिकला. बाकीच्यांचं आजही अंदाजपंचे आहे. तेव्हापासून ६७० रिकामं ठेवून नोंद सेव्ह करायची नाही, हा नियम मी आमच्या विद्यार्थ्यांवर लादते. त्यांना तो आवडत नाही.

खांडेकरांची नोंद करताना याची गरज आणखी कळते. विष्णू सखाराम खांडेकर (१८९८–१९७६) जन्मले सांगलीत, गणेश आत्माराम या नावाने. दत्तक गेल्यावर नाव आणि वडिलांचं नाव दोन्ही बदललं. वर 'खांडेकर, वि. स.', 'क्यू' उपक्षेत्रात 'विष्णू सखाराम', आणि खाली ४०० मध्ये 'खांडेकर, गणेश आत्माराम'. ही तिसरी ओळ कोणीतरी दोन वर्षांनी 'हा कोण गणेश?' म्हणून पुसून टाकेल, जर तिच्याखाली पुरावा नसेल तर.

टोपणनावं

इथे मराठी माणसाला चकवा मिळतो, कारण आपल्याकडे कवीला टोपणनाव नसणं हाच अपवाद होता. सोपं प्रकरण आधी घेऊ. चाफळचे यशवंत दिनकर पेंढरकर (१८९९–१९८५) वाचकांना फक्त 'यशवंत' म्हणून माहीत. साताऱ्यात जन्मलेले शंकर केशव कानेटकर (१८९३–१९७३) 'गिरीश' म्हणून. दोघंही रविकिरण मंडळातले. वर टोपणनाव, मागे सनावळी, खाली ४०० मध्ये खरं नाव. सनावळी सोडू नका, कारण नुसत्या 'गिरीश'च्या नोंदीला उद्या कोणी गिरीश कार्नाडांचं पुस्तक जोडून मोकळं होईल. आणि ४०० मध्ये 'कानेटकर' असलं की वसंत कानेटकर शोधणाऱ्याला त्यांचे वडीलही यादीत दिसतात, तो वरचा फायदा.

अवघड प्रकरण कुसुमाग्रजांचं. कविता 'कुसुमाग्रज', नाटकं 'वि. वा. शिरवाडकर'. एकाच माणसाने दोन नावं दोन वेगळ्या कामांसाठी जाणूनबुजून वापरली असतील, तर नियम दोन स्वतंत्र नोंदींना वाव देतो. दोन्ही नोंदी करायच्या आणि त्या ५०० ने एकमेकींना जोडायच्या, 'हेही पहा'. ४०० इथे चालणार नाही, कारण त्याने एक नाव दुसऱ्यात विरघळतं. मालतीबाई बेडेकर (१९०५–२००१) यांचंही तसंच. 'विभावरी शिरूरकर' हे नाव त्यांनी ज्या पुस्तकांसाठी घेतलं, तिथे ते आडोसा म्हणून होतं, आणि वाचकही त्याच नावाने मागतात. त्यांचं माहेरचं नाव, बाळूताई खरे, मात्र ४०० मध्येच. लग्नानंतर बदललेल्या आडनावाची दुसरी नोंद करायची नसते. कोणत्या नावाने पुस्तकं जास्त ओळखली जातात तेवढं बघून एक वर, एक खाली.

संस्थांची नावं

माणसाचं नाव बदललं तर नोंद एकच राहते. संस्थेचं बदललं तर नवीन नोंद होते. हा फरक एवढा पक्का डोक्यात बसवा की बाकीचं आपोआप जमेल.

आपला सांगली जिल्हाच घ्या. १९४९ साली तो साताऱ्यापासून वेगळा झाला तेव्हा त्याचं नाव 'दक्षिण सातारा' होतं. 'सांगली' हे नाव १९६० साली आलं. १९५५ चा एखादा जिल्हा अहवाल हाती आला तर तो 'दक्षिण सातारा'खालीच जाईल आणि दोन्ही नोंदी 'आधीचं नाव', 'नंतरचं नाव' अशा जोडल्या जातील. 'सगळं सांगलीखाली टाकू, लोकांना तेच कळतं' असं म्हणणारा एक तरी जण तुम्हाला भेटेल. त्याला सांगा, लोकांना कळावं म्हणूनच जोडणी असते. या बदलाचा माणसांच्या नोंदींवरही परिणाम होतो. यशवंतराव चव्हाण देवराष्ट्र्यात जन्मले. ते गाव तेव्हा साताऱ्यात होतं, आज सांगलीत आहे. ३७० मध्ये गाव लिहा, जिल्हा आजचा लिहा, वाद मिटतो.

संमेलनांसाठी १११. नाव, क्रमांक, साल आणि गाव वेगवेगळ्या उपक्षेत्रांत जातात: अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, ८१, २००८, सांगली. स्मरणिका हाती आली की एवढं पुरतं.

बाहेरून मदत

अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नावांच्या नोंदी इंटरनेटवर फुकट बघता येतात, आणि अनेक देशांच्या राष्ट्रीय ग्रंथालयांच्या नोंदी एकत्र जोडणारी 'व्हायाफ' ही सेवाही. मराठी लेखक तिथे बरेच आहेत, पण लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या नोंदीत नाव रोमन लिपीत, डोक्यावर रेघा देऊन लिहिलेलं असतं. ते रोमन रूप उचलून आपल्या ४०० मध्ये टाका, व्हायाफचा क्रमांक ०२४ मध्ये टाका आणि वरचं नाव देवनागरीतच ठेवा. गावच्या वाचकाला रोमन अक्षरावरच्या रेघा कशाला?

एक सावधगिरी. व्हायाफ जोडण्या मशीनने करतं आणि सारख्या नावांची माणसं तिथेही एक होतात. आपली चूक आणि त्यांची चूक एकमेकींना दुजोरा देतात तेव्हा ती सुटणं महाकठीण. क्रमांक घेण्याआधी तिथली पुस्तकांची यादी उघडून बघा. त्यातलं एक तरी पुस्तक तुमच्या कपाटात असलं पाहिजे.

जोडणी आणि देखभाल

पुस्तकाच्या नोंदीत लेखकाचं नाव हाताने टाइप केलं तर ते नाव दिसतं, पण बांधलेलं नसतं. क्षेत्राशेजारच्या छोट्या चिन्हावर क्लिक करून यादीतून निवडलं की ९ या उपक्षेत्रात ऑथॉरिटीचा क्रमांक बसतो. तो क्रमांक म्हणजे गाठ. तो असला तर उद्या वरचं नाव सुधारल्यावर सगळ्या पुस्तकांत सुधारतं. जोडलेली पुस्तकं ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असतील तर हा बदल लगेच दिसत नाही, मागून चालणाऱ्या कामात होतो. बदल दिसला नाही म्हणून पुन्हा पुन्हा सेव्ह करत बसू नका.

मर्जचं बटण दाबण्याआधी मी आता तीन गोष्टी करते. दोन्ही नोंदींना जोडलेल्या पुस्तकांची यादी छापून घेते. प्रत्येक यादीतलं एक पुस्तक कपाटातून काढून शीर्षकपान बघते. आणि कोणती नोंद ठेवायची, कोणती जाणार, ते आमच्या निर्णय वहीत तारीख टाकून लिहिते. साधी दोनशे पानी वही आहे. तिच्यात 'अण्णा भाऊ'चा वादही आहे. छापलेली यादी महत्त्वाची आहे, कारण मर्ज झाल्यावर कोणतं पुस्तक कोणाकडून आलं हे पडदा सांगत नाही. त्या वेळी माझ्याकडे यादी असती तर सहा दिवसांचं काम दुपारपर्यंत झालं असतं.

दोन्ही आपट्यांच्या नोंदींत आता ६६७ आहे. एकात 'ना. ह. आपटे (१८८९–१९७१) नव्हेत', दुसऱ्यात 'ह. ना. आपटे (१८६४–१९१९) नव्हेत'. गेल्या वर्षी नवीन लागलेल्या मुलीने दोन्हींवर खूण केली होती. ते वाचून ती विचारायला आली.

दर महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी, गर्दी कमी असते तेव्हा, आम्ही न बांधलेल्या नावांची यादी काढतो आणि वीस नावं निपटतो. वीसच, कारण त्यापुढे डोळे नावं वाचत नाहीत, नुसती जुळवतात. सध्या त्या यादीत चार 'पाटील, एस.' आहेत. एक उसावर लिहितो, एक कीर्तनावर. उरलेले दोन द्राक्षबागेवर लिहितात आणि दोघांचा प्रकाशक तासगावचाच आहे. बहुधा एकच असावेत. प्रकाशकाला पत्र टाकलं आहे. उत्तर येईपर्यंत चार.